शिंपीची जोड

आमच्या मामांनी शिंपल्यांचा जितका विचार केला आहे, तितका शिंपल्यात राहणाऱ्या जिवानंही केला नसेल. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. माझ्या बोलण्याला फारसं वजन नाही. पण हे मी खात्रीनं लिहिते.

शेलूबाजारजवळ मामांचा वांगी-सांभाराचा, म्हणजे वांगी-कोथिंबिरीचा, मळा आहे. नदी आटली की बायका वाळूतल्या शिंप्या वेचतात, दगडावर घासून त्यांच्या पोटाला भोक पाडतात आणि त्या धारेनं कैऱ्या सोलतात. मामा मात्र आधी शिंपीची जोड शोधतात. "दुसरीचं झाकन तिले बसतच नाही, पोरी," असं म्हणत ते दोन शिंप्या कानाशी धरून मिटतात. बिजागरीचे दाते टक्‌कन बसले की चेहरा उजळतो. समोर गिऱ्हाईक वांग्याचा भाव विचारून थकलेलं असतं. जिवंत शिंपी सापडली तर उघडायची नाही, पाण्यात ठेवून ती आपणहून उघडण्याची वाट पाहायची. आवाजानं ती मिटते म्हणून एकदा त्यांनी मळ्यातली मोटर बंद ठेवली. वांगी दिवसभर तहानलेली. मामी म्हणाली, "अजी, त्या शिंपीसंगच लगन लावाचं होतं!"

मी वाशिमला वसतिगृहात निघाले तेव्हा त्यांनी आपली सर्वांत देखणी जोड सोडवली. एक शिंपी मला दिली. दुसरी नातीच्या उष्टावणासाठी ठेवली. मामांनाही त्यांच्या आईनं शिंपीनंच दूध पाजलं होतं. नात जन्मल्यापासून ते ती शिंपी राखेनं घासत होते.

उष्टावणाच्या आदल्या दिवशी फोन आला. मामांचा आवाज पडलेला. "मामीनं शिंपीले भोक पाडलं."

मागून मामी ओरडली, "मले काय माईत? चुलीपाशी दिसली, म्या घासली! देवघरात ठेवाची होती!"

"तुह्यावाली घेऊन येतं का?" मामांनी हळूच विचारलं.

सकाळच्या पहिल्या बसनं मी पोचले. बाळाचा मामा चांदीचा चमचा घेऊन बसला होता, मान त्याचा. पण बाळानं ओठ असे मिटले की खीर हनुवटीवरून ओघळली. टाळ्या झाल्या, खुळखुळे झाले, बाळ अधिकच घट्ट. मग आमचे मामा पुढे सरकले. आधी माझी शिंपी भोक पडलेल्या शिंपीवर मिटून पाहिली. टक्. "आपलीच हाये," म्हणाले. खिरीत बुडवून बाळाच्या ओठांपाशी धरली.

"कोनी बोलू नका. मोटर बंद करा."

मोटर खरंच बंद केली. मामा नुसते बघत राहिले. बऱ्याच वेळानं बाळानं तोंड उघडलं. मामीनं पदर डोळ्यांना लावला आणि लगेच म्हणाली, "धूर झाला वं."

निघताना मामांनी भोक पडलेली शिंपी माझ्या हातात ठेवली. "हे तू ने. हिची जोड अथी हाये, म्हंजे येशीनच तू."

इथं वसतिगृहात कैऱ्या सोलायला कुणी नाही. शिंपी खिडकीत ठेवली आहे. सकाळी तिच्या भोकातून उन्हाचा एक ठिपका माझ्या टेबलावर पडतो. तो सरकत सरकत कडेपाशी गेला, की शेलूबाजारची बस सुटायची वेळ झालेली असते.