घरची उदबत्ती
विझलेल्या उदबत्तीचा वास आला की मला नाशिकच्या आमच्या शाळेतला शास्त्राचा तास आठवतो. बाईंनी टेबलावर दोन झाकलेल्या, रिकाम्याच दिसणाऱ्या बरण्या ठेवल्या होत्या. धुमसती उदबत्ती पहिलीत सोडताच ती भपकन पेटली, दुसरीत विझली. "पहिलीत ऑक्सिजन, दुसरीत कार्बन डायऑक्साइड," बाई म्हणाल्या. गोदाघाटावर रिकाम्या मुठीतून अंगारा काढणारे बुवा मी रोज बघत होते. मी उठले. "बाई, उदबत्तीला तुम्ही काहीतरी लावलंय." बाईंनी हातातली उदबत्ती टेबलावर ठेवली. "मग उद्या तुझ्या घरची आण," बाई शांतपणे म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मी देव्हाऱ्यातली उदबत्ती नेली, माझ्याच हाताने बरणीत सोडली, तर तीही तशीच पेटली. "फिटला संशय?" बाईंनी विचारलं. मी मान डोलावली. पण आज पन्नास वर्षांनीही वाटतं, उदबत्ती माझी होती, बरणी मात्र बाईंचीच होती.