चतुराबाई चाखत नाहीत

इंदिरानगरात स्वयंपाकाला येणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. पण जपानचं कोबीचं धिरडं आणि मेक्सिकोची मक्याची भाकरी एकाच ओट्यावर करणाऱ्या चतुराबाई एकच. मी, लतिका, शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला आणि स्वतः नाशिक जिल्ह्याबाहेर फारशी गेले नाही. निवृत्त झाल्यावर ठरवलं, जग बघायचं राहिलं तर निदान खाऊन बघू. मी मोबाइलवरची कृती वाचायची आणि सायखेड्याहून येणाऱ्या चतुराबाईंनी ती करायची. अशी अकरा वर्षं झाली.

पोलंडच्या उकडलेल्या करंज्या पहिल्यांदा केल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "ही तर आपली दिंडं. आत बटाटा घातला म्हणून लय शहाणी झाली का?" इथिओपियाच्या आंबवलेल्या भाकरीला त्यांनी आंबोळीची जाऊ ठरवून टाकलं. पदार्थांची नावं त्यांना आठवत नाहीत, हात मात्र विसरत नाही.

आणि हे सगळं न चाखता! नैवेद्य दाखवल्याशिवाय जिभेला कण लावायचा नाही, ही त्यांच्या आईची शिस्त. मीठ मुठीच्या अंदाजानं, शिजलं की नाही ते वासावरून. मी चमचा पुढे केला की मलाच दटावतात, "देवीच्या आधी मी जेवू का?" सप्तशृंगीची एक छोटी तसबीर त्यांच्या पिशवीत कायम असते.

माझी भाची मृण्मयी निफाडजवळ द्राक्षमळ्यात पाहुण्यांसाठी घर चालवते. बागा बघायला परदेशी लोक येतात, दोन-चार दिवस राहतात. तिला स्वयंपाकघर सांभाळणारं खात्रीचं माणूस हवं होतं. सायखेड्याहून निफाड जवळ, आणि चतुराबाईंच्या मनातही ते होतंच. "दुसऱ्याच्या ओट्यावर लय वर्सं केलं, ताई. आता एक सैपाकघर माझं पायजे." मग ठरलं, की ग्रीसहून आलेल्या जोडप्यासाठी त्यांच्याकडची पोळी करायची, पालक आणि चीज भरून भट्टीत भाजलेली. जमली तर स्वयंपाकघर चतुराबाईंचं.

मी सोबत गेले. खरं सांगते, जमू नये असंच मला वाटत होतं. त्या गेल्या तर माझं कसं व्हायचं?

मृण्मयीनं आणलेलं पांढरं चीज त्यांनी कुस्करलं. "पनीरच हे," म्हणाल्या आणि पनीरच्या बेतानं मूठ उघडून मीठ टाकलं. ते चीज मिठाच्या पाण्यात मुरलेलं असतं, मुळातच खारट, हे मला ठाऊक होतं. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

"चतुराबाई, एकदा चाखा ना," मृण्मयी काळजीनं म्हणाली.

"आता नाय."

त्यांनी आधी तळहाताएवढी एकच पोळी भाजली. ती तसबिरीपुढे ठेवली, भोवती पाणी फिरवलं, हात जोडले. मग प्रसादाचा तुकडा तोंडात टाकला. एक भुवई वर गेली, बाकी काही नाही.

"खारट झालंय. चूक माझी हे," त्या सरळ म्हणाल्या. "मृण्मयीताई, दोन लिटर दूध अन् लिंबं द्या."

दूध फाडून अळणी पनीर केलं, पालकाच्या आणखी दोन जुड्या चिरल्या. सारण वाढलं, खारटपणा उतरला. पुन्हा छोटी पोळी, पुन्हा नैवेद्य. "आई, मघाशी तुला खारट खायला घातलं. आता हे घे." तुकडा खाऊन त्यांनी मान डोलावली आणि मगच बाकीच्या पोळ्या भट्टीत गेल्या.

ग्रीसच्या बाई साठीच्या होत्या. पहिला घास खाऊन थांबल्या, मग नवऱ्याच्या ताटातली अर्धी पोळी सरळ उचलून घेतली. त्यांची आजी असंच घरचं ताजं चीज मिसळायची म्हणे. मृण्मयीनं हे मराठीत सांगितल्यावर चतुराबाई म्हणाल्या, "मंग! आजी तिथली काय न् सायखेड्याची काय."

मृण्मयीनं तिथंच होकार दिला. चतुराबाईंनी एकच अट घातली, भट्टीशेजारी देवीसाठी फळी ठोकायची.

परतताना गाडीत त्या हळूच म्हणाल्या, "ताई, ते चीज खारट असतंय, तुम्हाला ठावं व्हतं ना?"

मी खिडकीची काच उगाच वर-खाली करू लागले.

"तुम्ही तोंड उघडलं अन् मिटलं. अकरा वर्सांत मला सांगायचं ते तुम्ही कवा गिळलं नाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तुम्ही जाऊ नये असं वाटलं हो," मी म्हणाले, आणि डोळे भरून आले.

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"उद्या सकाळी पदर खोचून ओट्यापाशी उभ्या राहा. जायच्या आधी महिनाभर शिकवते. मी बसून सांगीन, तुम्ही करायचं. अन् नैवेद्याआधी चमचा तोंडात घातला तर बघा!"