पुस्तकवाले डॉक्टर आणि तोंडातली सलाईन

कॅज्युअल्टीत कापूस संपतो, स्पिरिट संपतं, किस्से काही संपत नाहीत. नर्स म्हणून मी एवढी वर्षं काढली, आता आठवत बसले की एकटीच हसते आणि घरच्यांना वाटतं, म्हातारीचं काहीतरी बिनसलं.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हाची गोष्ट. आमच्या दवाखान्याची पाटी बदलली, खाटा होत्या तेवढ्याच. वर दुष्काळ. टँकरचं गढूळ पाणी पिऊन गावंच्या गावं हगवणीनं आडवी झाली होती, आणि सलाईन पुरेना. त्यात आमचे डॉक्टर पुस्तकवाले. टपालानं इंग्रजी मासिक आलं, की दुसऱ्या दिवशी नियम बदललाच समजा.

* * *

पहिला नियम सापाचा. चावल्या जागी चिरायचं नाही, करकचून बांधायचं नाही. आमचे कंपाउंडरमामा आयुष्यभर ब्लेड घेऊन तयार. ते लई नाराज झाले.

निलंग्याकडचा एक शेतकरी आला. डॉक्टरांनी इंजेक्शन तयार ठेवून घरच्यांनी पायाला बांधलेली दोरी हळूहळू सोडली, आणि गडी वाचला. घरी जाताना मात्र हिरमुसला.

"चिरलं न्हाई, टाकं न्हाई. साप चावला हे गावात पटंल कुणाला?"

मामांनी त्या बऱ्या झालेल्या पायाला गुडघ्यापर्यंत बँडेज बांधून दिलं.

* * *

मग आला रॉकेलचा नियम. लेकरू रॉकेल प्यालं तर उलटी करवायची नाही, ते फुफ्फुसात जातं. डॉक्टरांनी सगळ्यांना तीनदा बजावलं.

चार दिवसांनी एक दारू प्यालेला पाव्हणा आला. त्याला मळमळायला लागलं, तर आमची आयाबाई त्याच्या तोंडावर हात दाबून उभी.

"गिळ गुमान. उलटी बंद झाली हाय दवाखान्यात!"

त्यानं तिचा हात आणि लुगडं दोन्ही भिजवलं. आठ दिवस ती डॉक्टरांशी बोलली नाही.

* * *

तिसरा नियम मात्र जिवावरचा. हगवणीच्या, शुद्धीवर असलेल्या पेशंटला साखर-मिठाचं पाणी तोंडानं दिलं, तर ते सलाईनइतकंच काम करतं. आमच्याकडं मोजक्या बाटल्या उरल्या होत्या, त्या बेशुद्ध लोकांसाठी राखलेल्या.

पण ऐकतो कोण? उदगीरचा एक व्यापारी म्हणाला, "घरी पाणी न्हाई म्हणून आम्ही मरायलोय, अन् तुम्ही औषध म्हणून पाणीच दाखवता?" आणि उठून गेला.

* * *

दुसऱ्या दिवशी जवळच्याच मुरुडहून गौराबाई आल्या, चार वर्षांच्या नातीला खांद्यावर टाकून. पोरीचे डोळे खोल गेलेले, ओठ वाळलेले, पण शुद्ध होती. डॉक्टरांनी वाटी-चमचा पुढं केला. गौराबाईंनी पोर उचलली, दुसरीकडं सलाईन लावून घेते म्हणाल्या. एवढ्या उन्हात पुन्हा वणवण केली असती, तर पोर वाटेतच गेली असती. डॉक्टर हात जोडून समजावत होते. मला दोघांचाही संताप आला.

मी सलाईनची रिकामी बाटली उकळून धुतली, साखर-मिठाचं पाणी भरलं, स्टँडला उलटी टांगली. सुई काढून नळी वाटीत सोडली. थेंब थेंब वाटीत, चमचा चमचा तोंडात.

गौराबाई खाली बसल्या. "हां. आता इलाज सुरू झाला."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. असलं काही त्यांच्या मासिकात नव्हतं.

संध्याकाळी पोरीनं लघवी केली आणि भाकर मागितली. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, खोटं कशाला सांगू.

* * *

महिनाभरानं गौराबाई पुन्हा दारात, एकट्याच. मी हातातलं काम टाकून पुढं झाले.

"आजी, नात कुठाय?"

"घरी हाय, हुंदडायलीय. गल्लीतल्या तीन लेकरांना हगवण लागलीया. पाणी उकळून ठेवलंय, साखर हाय, मीठ हाय. चमच्यानं पाजते म्हणलं, तर त्यांच्या आया ऐकंनात." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "सिस्टरबाई, निस्तं स्टँड द्या."

डॉक्टरांनी मासिक मिटलं आणि ते मामांना म्हणाले, "यष्टीच्या टपावर नीट बांधा. आडवं बांधा, वाकेल नाहीतर."