सुनेच्या गाण्याचा अर्थ

भोरमध्ये आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू मूळच्या पासली गावाकडच्या. त्यांना कुठलीही गोष्ट एकदा सांगून भागत नाही. "गाती बया, गाती," म्हणत त्या मोबाईल पितळी तांब्यात उभा करतात, म्हणजे आवाज घुमतो. मोबाईलमध्ये त्यांची जर्मन सून गात असते. ते ऑपेराचं, म्हणजे गाऊन केलेल्या नाटकाचं रेकॉर्डिंग. खुद्द जर्मनीतही ते फारसं कुणाला माहीत नाही म्हणे. काकू तांदूळ निवडत ऐकतात. सुनेचा सूर वर चढला की त्यांचा हात थांबतो, आणि सूर उतरेपर्यंत ताटातला खडा ताटातच राहतो.

मी कधीकाळी जर्मनच्या क्लासला काही दिवस गेलो होतो, तेवढ्यावर आमच्या गल्लीत पंडित झालोय. मागच्या महिन्यात काकूंनी विचारलं, "भाऊ, काय म्हनती ओ ती?"

मला एक शब्द कळला नव्हता. तरी डोळे मिटून, मान डोलवून मी म्हणालो, "आईला सांगतेय, लांब असले तरी तुझीच आहे."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. बायकोने माझ्याकडे रोखून पाहिलं. मी मान डोलवतच राहिलो.

काल काकू कुंपणापाशी आल्या. त्यांचा मुलगा व्हिडिओ कॉलवर त्यांना म्हणाला होता की ते नाटक विनोदी आहे आणि त्या गाण्यात सून मोजे नीट धुतले नाहीत म्हणून नोकराला झापते.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काकू, ते मी..."

"तुमी नका वाईट वाटून घेऊ," त्या म्हणाल्या. "म्या तिला सांगितलं, पोरी, तुला गाता येतं, पर अर्थ कळंना. आमच्या भाऊंना इचार, भाऊंना."