उलट्या होड्यांचा फ्रॉक

सकाळचे डबे भरून झाले होते. मोज्यांची एक जोडी काही केल्या सापडत नव्हती आणि आमचे हे आरशासमोर उभे राहून, "या घरात मोजे कोण खातं ते एकदा कळलं पाहिजे," असं भिंतीला सांगत मलाच ऐकवत होते. तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल असताना थाप मारणारं आमच्या इमारतीत एकच माणूस, वरच्या मजल्यावरच्या मशीनवाल्या काकू.

हे नाव त्यांना इमारतीनेच दिलेलं. खिडकीशी त्यांचं शिलाई मशीन, आणि कुणाचे पडदे, कुणाच्या उशांचे अभ्रे, कुणाच्या बाळाची झबली असं काहीतरी त्याच्यावर कायम चढलेलं. माझ्या लेकीचा पहिला फ्रॉकही त्यांनीच बेतला. तेव्हा मी शेजारी बसून बघत होते. कापड वाचावं म्हणून त्या एक तुकडा सुलटा आणि दुसरा उलटा मांडायच्या. मी शंका काढली तर म्हणाल्या, "फुलांना कुठे आलंय गं वर-खाली?" उरलेल्या चिंधीत रुमालसुद्धा बसला नसता.

आज मात्र त्या पिशवी पोटाशी धरून दारातच घुटमळल्या.

"तुझे हे गेले का?"

"निघालेच," मी म्हणाले.

"या काकू, बसा. माझ्या पायात मोजे नाहीत एवढं फक्त कुणाला सांगू नका," म्हणत हे बूट चढवून बाहेर पडले. एरवी काकूंनी त्यांना जिन्यापर्यंत पिडलं असतं. आज त्या हसल्यासुद्धा नाहीत.

दार लागल्यावर त्यांनी पिशवीतून फ्रॉक काढला. उन्हाळ्यासाठी नातीला शिवलेला, बिनबाह्यांचा, पांढऱ्या सुती कापडावर निळा छाप. परवा गच्चीवर इमारतीतल्या एका मुलाच्या वाढदिवसाला तिने तो घातला होता. समोरून शिडाच्या छोट्या होड्या डौलात चाललेल्या. पाठीवर त्याच होड्या, पण शिडं खाली आणि तळ वर. "हिच्या पाठीवर सगळे बुडाले," असं एक कार्टी ओरडली आणि पोरांबरोबर मोठेही हसले होते.

"तू होतीस ना तिथे?" काकू म्हणाल्या. "तिने काय उत्तर दिलं ते ऐकलंस?"

ऐकलं होतं. पोरगी हनुवटी वर करून म्हणाली होती, "माझी आजी म्हणते, ही फॅशन आहे." त्यावर आधीपेक्षा मोठा हशा झाला.

"ते मीच तिच्या डोक्यात भरलं. आरशात मान वळवून बघत होती. म्हणाली, आजी, मागच्या होड्या उलट्या का? मी सरळ म्हणावं ना, चुकलं गं बाई. तर तोंडातून निघालं, हल्ली अशीच फॅशन आहे. तिने लगेच मानलं. आणि ती सगळ्यांसमोर माझ्यासाठी भांडत असताना मी खुर्चीत ढिम्म. तोंड उघडलं नाही."

चहाचं आधण ठेवता ठेवता मी म्हणाले, "अहो, फुलांच्या छापाची सवय हाताला. होतं असं."

"सवयीचं असतं तर चारचौघांत सांगितलं असतं की." त्या फ्रॉकच्या घेरावरून बोट फिरवत राहिल्या. बोट होडीवर नव्हतं, दोन होड्यांमधल्या पांढऱ्या जागेत होतं. "मला ती पानं वाटली होती. सुनेने कापड आणलं तेव्हा म्हटलं, छान आहेत गं पानं. तिला वाटलं, मी गंमत करतेय."

मी गॅस बारीक केला.

"कधीपासून काकू?"

"मागची थंडी होती. धुक्यातून बघावं तसं दिसतं. घरात बोलले असते तर मशीनवर चादर घातली असती त्यांनी. त्यांचंही चुकलं नसतं. पण मग त्या खिडकीशी बसून मी करायचं काय?"

"दाखवायला हवेत हो डोळे."

"दाखवीन. संध्याकाळी मुलाला सांगणार आहे. पोरीलाही सांगणार आहे, फॅशन वगैरे काही नव्हती म्हणून." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "उद्या तिच्या शाळेची सहल. सुनेने दुसरा फ्रॉक काढून ठेवला, तर ही म्हणते, मी आजीचाच घालणार. पुन्हा हसतील तिला. पुन्हा ती माझं खोटं मिरवणार."

त्यांनी पिशवीतून कात्री, खडू आणि उरलेलं कापड काढून टेबलावर पसरलं. होड्यांचंच. फ्रॉकची पाठ उसवून तिथे नवी लावायची, हे त्यांचं ठरलेलं होतं.

"एवढंच उरलंय. एक पाठ निघेल. ती बिघडली तर संपलं."

कापड त्यांनी एकदा असं फिरवलं, एकदा तसं. नाक जवळजवळ टेकेपर्यंत वाकल्या, कापड उजेडाकडे ओढलं, पुन्हा वाकल्या. मग सरळ झाल्या, पण माझ्याकडे बघितलं नाही. मान खालीच.

"उसवीन मी, कापीन मी, शिवीन मीच," त्या म्हणाल्या. "तू फक्त यात वरची बाजू कुठली, तेवढं सांग."