गुडघ्याचा नवस

पुरुषांनी शेतात जमावं, स्वतः चूल मांडावी आणि त्यांच्याबरोबर बायका का नाहीत असं कुणी विचारू नये, असा प्रसंग मध्य प्रदेशातल्या आमच्या सौसर-पांढुर्ण्याकडे एकच आहे. मारुतीचे रोडगे. नवस पुरा झाला की गोवऱ्यांचा जगरा पेटवायचा, जाड दळलेल्या कणकेचे गोळे त्यात भाजायचे, फडक्यात घालून राख झटकायची आणि तूप, वरण, वांग्याची भाजी यांच्याबरोबर पळसाच्या पत्रावळीवर वाढायचे. पहिला रोडगा ज्याचा नवस त्याने देवापुढे ठेवायचा. तोवर कुणी घास घ्यायचा नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यात मी पांढुर्ण्याहून नागपूरच्या एका दैनिकाला बातम्या पाठवत असे. कापसाचे भाव, रेल्वेच्या डब्यांअभावी पडून राहिलेली संत्री, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगावच्या दगडफेकीत, गोटमारीत, जखमी झालेल्यांची संख्या. इथे ज्या माणसांबद्दल लिहितो आहे त्यांची बातमी झालीच असती तर ती पोलीस ठाण्यातून आली असती. मी त्यांच्यापैकीच एक होतो.

आम्ही पुरुषांवर जीव जडवणारे पुरुष होतो. त्याला आमच्या बोलीत शिव्या पुष्कळ होत्या, शब्द नव्हता. आपसात आम्ही ‘आपल्यातला’ म्हणत असू. हा शब्द एरवी जातीसाठी वापरतात. दोघे दोघे भेटत असू. फलाटाच्या टोकाला, बसस्टँडमागे, नदीकाठी. भेटून झालं की वेगवेगळ्या वाटांनी जायचं. दुसऱ्या दिवशी बाजारात तोच माणूस समोर आला तर दोघंही वांग्यांच्या ढिगाकडे बघत पुढे जात. लाज दुसऱ्या माणसाची वाटत नसे. त्याच्या चेहऱ्यात आपला चेहरा दिसे, त्याची वाटे.

एकत्र जेवायचं सौसरच्या शिंप्याने काढलं. त्याच्या दुकानात कुणीही जाऊ शकत असे. माप द्यायला गेलो म्हणता येई. त्यामुळे सगळे एकमेकांना त्याच्यामार्फत ओळखत. एकदा दुकानात मी आणि एक मास्तर होतो. मास्तर सौसरजवळच्या खेड्यात प्राथमिक शाळेत शिकवत असत.

“आपण भेटतो कसे?” शिंपी म्हणाला. “कोंबडी चोरल्यावानी. एकडाव जेवाले बसू ना बाप्पा, माणसावानी. मांडीले मांडी लावून.”

“आन् मांडीले मांडी लागली तं?” मास्तर म्हणाले.

“तं सरकून बस.”

मग तो मशीनचं चाक थांबवून म्हणाला, “मागच्या साली मले कावीळ झाली. दोन महिने पडून होतो. तुमच्यातलं कोणी आलं नाही. राग नाही माया. आले असते तं कोण म्हणून आले असते?”

रोडग्यांची कल्पना त्यानेच सांगितली. मास्तरांनी मान हलवली.

“मी बौद्ध माणूस. मारुतीचे रोडगे खाऊन आलो म्हनलं तं बाप घरात नाही घेणार.”

“मंग बापाले सांग कोणाकोणासंग जेवला ते,” शिंपी म्हणाला. “मारुतीचं काहीच नाही वाटणार त्याले.”

जागा मोहगाव रस्त्यावरच्या एका संत्र्याच्या बागेत ठरली. बागवाला आमच्यातलाच होता. तिशी ओलांडलेला, एकुलता एक. वडील वारले होते, घरात तो आणि आई. विहिरीजवळ कडुलिंबाखाली शेंदूर लावलेला मारुतीचा दगड होता. बागवाल्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: लग्न करायचं नव्हतं. लग्नसराई आली की तो लग्न आणखी एक वर्ष पुढे ढकली. कधी संत्र्याला भाव नाही म्हणून, कधी विहिरीचं काम निघालं म्हणून. मामा स्थळं आणत आणि तो कारणं आणी.

रोडगे म्हटले की कुणाचा तरी नवस लागतो. याचा आम्ही नीट विचार केला नाही. बागवाल्याने घरी सांगितलं, शनिवारी बगिच्यात दोस्तांचे रोडगे आहेत. आईने विचारलं, नवस कोणाचा? तो म्हणाला, “मायाच समज.” आई आत गेली आणि तुपाचं गाडगं काढून त्याच्यापुढे ठेवलं.

“मी मागतलं बी नव्हतं,” तो शनिवारी गाडगं दाखवत म्हणाला. आम्हाला ते गमतीचं वाटलं.

मार्गशीर्षातला शनिवार. मास्तरांची सकाळची शाळा सुटल्यावर ते आले. मी पांढुर्ण्याहून बसने गेलो. त्याच बसमध्ये रेल्वेच्या मालधक्क्यावरचे एक बाबू होते. नातवंडं असलेले, निवृत्तीला आलेले. आम्ही एकमेकांना ओळखत होतो आणि बसमध्ये वेगवेगळ्या बाकांवर बसलो. मोहगाव रस्त्यावर उतरल्यावरही काही अंतर ठेवून चाललो. असे आठ-नऊ जण वेगवेगळ्या धुऱ्यांवरून, शेतांच्या बांधांवरून, बागेत शिरले आणि विहिरीभोवती पांगून उभे राहिले. कुणाला कुणाशी बोलता येईना. दिवसाच्या उजेडात आम्ही एकमेकांना एवढ्या संख्येने कधी पाहिलं नव्हतं.

कामाने ते अवघडलेपण सुटलं. शिंप्याने परात पुढे केली. कणीक मळायला दोघे बसले. बाबूंनी पँट मळू नये म्हणून दगडावर रुमाल अंथरला आणि वांगी चिरायला घेतली.

“घरी मी चहा बी नाही मांडत,” ते म्हणाले. “बुढीले कळलं तं रोज मांडा लागन.”

थोड्या वेळाने, मान वर न करता ते म्हणाले, “मले वाटे, इटारसीपासून नागपूरपावतर मी एकटाच हाये.”

जगऱ्यातून धूर येत होता, डोळे पुसायला त्याचं निमित्त झालं. त्यानंतर मात्र बोलणं थांबलं नाही. तिगावचा कुणी एक शिंप्याच्या ओळखीचा होता, त्याला पुढच्या वेळी बोलवावं का. कुणाला पोलिसाने अडवलं तर कुणाला निरोप द्यायचा. घरचे मागे लागले तर काय सांगायचं. बागवाला म्हणाला, “मी तं दिवाळीतच सांगून देलं मायले, यंदा बी नाही.” त्याचा चेहरा मोकळा होता. मी त्याला तसं पहिल्यांदाच पाहत होतो.

रोडगे भाजून झाले. पत्रावळी मांडल्या. मांडीला मांडी लावून बसलो. वरण वाढून झालं, आता पहिला रोडगा देवापुढे ठेवायचा, तेवढ्यात धुऱ्यावर बैलगाडी थांबली.

गाडीतून बागवाल्याची आई उतरली. पाठोपाठ त्याचे मामा आणि मोहगावचे एक गृहस्थ, पांढऱ्या टोपीतले. आईचा उजवा गुडघा जुना दुखरा होता. मामाच्या खांद्याला धरून ती लंगडत आली.

“बस बस,” मामा भाच्याला म्हणाले. “लाजू नको. बहिनीनं मारुतीले बोललं होतं, पोट्टा लग्नाले हो म्हनन तवा रोडगे करीन. आन् तू आपलाच फेडाले बसला, आमाले न सांगता. हे पोरीचे वडील. म्हनलं, देवासमोरच पक्कं करू.”

बागवाल्याला या नवसाची माहिती नव्हती. आईने तो मनात बोलला होता आणि फक्त भावाला सांगितला होता. मुलाने ‘मायाच समज’ म्हटलं त्याचा तिने एकच अर्थ काढला, तो लग्नाला तयार झाला, आणि त्या घरात दुसरा अर्थ निघण्यासारखा नव्हता.

तो उभा राहिला. नाही म्हणायचं तर मग हा नवस कोणाचा आणि हे लोक कोण, हे सांगावं लागणार होतं. आम्हाला वाचवायचं तर हो म्हणावं लागणार होतं. ते त्याच्याइतकंच आम्हालाही समजलं होतं. आम्ही पत्रावळीकडे बघत बसलो. आम्हाला त्याचं ‘हो’ हवं होतं, हे लिहिल्याशिवाय ही हकीकत पुरी होत नाही.

मामांचं लक्ष पंगतीकडे गेलं.

“तू सौसरचा शिंपी,” ते म्हणाले. “हे भाऊ?”

“पांढुर्ण्याचा,” मी म्हणालो.

“तुम्ही?”

“रेल्वेत हाओ जी,” बाबू म्हणाले.

“तुम्ही तं शाळेतले मास्तर. आडनाव काय म्हनलं?”

मास्तरांनी आडनाव सांगितलं. त्यावरून जात कळली. मग मामांनी जे विचारलं, ते आमच्या भागातला कुठलाही शहाणा माणूस विचारेल असंच होतं.

“ना एका गावचे, ना एका जातीचे, ना एका उमरीचे. मंग तुम्ही जमले कायच्यावर?”

“असू द्या जी, दोस्ती असन,” मोहगावचे गृहस्थ म्हणाले.

“दोस्ती शाळेत होते, नाही तं कचेरीत होते. ह्या लोकायची कोठं झाली?”

पंगतीला नेहमी एक कारण असतं. भाऊबंदकी, गाव, जात, नोकरी. आमच्या पंगतीला जे कारण होतं ते उच्चारता येत नव्हतं, आणि दुसरं एकही आम्ही तयार करून आणलं नव्हतं. एवढी वर्षं खोटं बोलण्यात गेलेली माणसं त्या वेळी एक खोटं बोलू शकली नाहीत.

आई मुलाकडे पाहत होती. मग तिने पंगतीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली. खाली घातलेल्या माना तिने पाहिल्या.

“मी बोलावलं यायले,” ती म्हणाली.

मामा वळले.

“माया नवस होय तो, गुडघ्याचा. ज्यानं ज्यानं औषध सांगतलं त्याले मारुतीसमोर जेवाले घालीन म्हनलं होतं. शिंप्यानं तेल देलं. या रेल्वेवाल्या भाऊनं नागपूरहून गोया आणल्या. मास्तरनं पट्टा बांधाले शिकवलं. आता औषध सांगणारे काय एका जातीचे रायतेत?”

“तू तं आत्ताच लंगडत आली,” मामा म्हणाले.

“गाडीत बसून आखडला होता.”

ती वाकली, जगऱ्याजवळच्या फडक्यातून एक रोडगा उचलला आणि मारुतीच्या दगडाकडे चालत गेली. सरळ. विहिरीपासून लिंबापर्यंत चढ होता. तिने कशाला हात लावला नाही. रोडगा ठेवला, तुपाची धार सोडली, हात जोडले आणि तशीच परत आली. तिचा वरचा ओठ घामाने भिजला होता. हवा थंड होती.

“मंग लग्नाचं?” मोहगावच्या गृहस्थांनी हळूच विचारलं.

“तो नवस अलग हाये भाऊ. तो अजून पुरा नाही झाला. तुमाले हेलपाटा पडला, मायी चूक झाली.”

नवसाचं अन्न टाकून जाता येत नाही, म्हणून पाहुणे जेवले. मामा मास्तरांपासून दूर बसले. बागवाल्याने सगळ्यांना वाढलं. रोडगे चांगले खुसखुशीत झाले होते.

जेवून मामा पाहुण्यांना घेऊन गाडीने गेले. आई थांबली. गाडी वळणाआड गेल्यावर ती विहिरीच्या काठावर बसली आणि दोन्ही हातांनी गुडघा दाबू लागली. मुलगा पुढे झाला. तिने त्याला हाताने थांबवलं.

“खोटं बोलली मी,” ती म्हणाली. “मारुतीच्या तोंडावर. आता गुडघा हाये तोवर दरसाल फेडा लागन.” मग आमच्याकडे न बघता, “येजा सारे. हेच्या हेच मानसं पायजेत. नाही आले तं नवस खोटा पडन.”

तिला किती कळलं होतं, हे आम्ही कधी विचारलं नाही. तिनेही काही विचारलं नाही.

त्यानंतर दर मार्गशीर्षात रोडगे झाले. तिगावचा माणूस आला, त्याने आणखी दोघांना आणलं. गावात सांगायला गुडघ्याची औषधं वाढत गेली. ‘रोडग्याचे’ हे आमचं नातं झालं आणि ते चारचौघांत सांगता येऊ लागलं. बाबू इस्पितळात होते तेव्हा आम्ही पाळीपाळीने त्यांच्याजवळ बसलो. त्यांच्या बायकोने विचारलं, कोण हो तुम्ही? शिंपी म्हणाला, “रोडग्याचे, मामी.” तिने आम्हाला चहा आणून दिला. बाजारात समोर आलो तर आम्ही थांबू लागलो, भाव विचारू लागलो. मास्तरांनी घरी सांगितलं होतं की एका म्हातारीचा शब्द मोडवत नाही. हे खरंच होतं.

त्या म्हातारीचा गुडघा मात्र दर वर्षी आणखी बिघडत गेला. इलाजासाठी नागपूरला चल, असं मुलगा म्हणे. बऱ्या झालेल्या गुडघ्याला इलाज कसला, असं ती म्हणे. गावात तिला लंगडता येत नव्हतं. घरात, दार लावून, ती भिंतीला धरून चाले, हे बागवाल्याने एकदा सांगितलं. आमच्या पंगतीत ती कधी बसली नाही. वाढायची आणि मग डबा घेऊन धुऱ्यावर एकटी जेवायची. तिच्यासमोर आमच्या माना पहिल्या वर्षीसारख्याच खाली राहिल्या.

दर वर्षी पहिला रोडगा तीच ठेवी. चढ चढून जाई, तूप सोडी आणि हात जोडून उभी राही. गुडघ्याच्या नवसाला एवढा वेळ लागत नाही. ती त्या दुसऱ्या, लग्नाच्या नवसाचं बोलत असे, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्यामागे आम्हीही हात जोडून उभे राहत असू. मास्तरसुद्धा, कारण कुणी धुऱ्यावरून बघत असेल तर तसं दिसायला हवं होतं. बागवाला माझ्या शेजारी असे. त्याचे डोळे उघडे असत. ती जे मागत होती ते तिला मिळू नये, एवढंच त्या वेळी आमच्या मनात असे, आणि ती वळेपर्यंत आम्ही तसेच उभे असू.