जळक्या तेलाचं विरजण

तिरोड्याच्या त्या ट्रक-मिस्त्रीचं नाव मी विचारलंच नाही. मी तेव्हा एम.एस्सी.ला होते. जळक्या ऑइलमधली बेंझिनच्या कुळातली चिवट विषं खाणारे जीवाणू शोधत फिरत होते. त्याच्या गॅरेजमागे जळकं ऑइल ओतायचा खड्डा होता; त्यातली काळी माती मी डबीत भरत होते, तेव्हा तो शेजारी नवा खड्डा खणत होता. खणून झाल्यावर त्याने जुन्या खड्ड्यातली मूठभर माती त्यात कालवली.

"हे कशाला?"

"ईरजन लावून राहिलो, मॅडम. नुसत्या मातीत तेल वर्सभर तसंच रायते. हे माती टाकली का पचते."

मी चाट पडले. आमच्या विभागात ज्यावर नुकतंच मोठं व्याख्यान झालं होतं, ते हा माणूस दही लावावं तसं करत होता.

महिन्याभराने मी मुद्दाम सांगायला गेले. डीएनए तपासल्यावर त्या एका डबीत नऊ जाती निघाल्या होत्या, आणि तेल फोडायची प्रत्येकीची तऱ्हा वेगळी होती. त्याने हातातला पाना खाली ठेवला.

"जिते हायेत?"

"हो."

"अन् मी त्याईच्यावर गरम तेल ओतून राहिलो."

त्याने ट्रकखालचं घमेलं ओढलं, तेलात बोट बुडवून पाहिलं आणि ते सावलीत निवायला ठेवलं. मग विचारलं, "काम झाल्यावर तुमी त्याईचं का करता?"

आदल्याच दिवशी मी ते वाढवलेल्या सगळ्या काचेच्या बशा वाफेत घालून त्यांना मारून आले होते.

"ठेवतो जपून," मी म्हटलं.